रुमालाची गाठ

"परत म्हणा."

हे दोन शब्द मी किती वेळा ऐकले असतील, देव जाणे. सांगलीच्या आमच्या रुग्णालयात मी कॉम्प्युटरच्या कामावर रुजू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी सुभेदारांनी मला काय सांगितलं, तर पाण्याचं पिंप कुठं आहे. "जिन्याखाली, उजव्या हाताला. परत म्हणा." मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत. शेवटी मी, फर्स्ट क्लासात इंजिनिअर झालेली, कुणाच्या बापाला न भिणारी, मुकाट म्हणाले, "जिन्याखाली, उजव्या हाताला."

"शाबास. आता जावा, पानी प्या."

मनात म्हटलं, आपलं काही इथं जमत नाही.

सुभेदार हे त्यांचं नाव नव्हतं. फौजेत सिग्नलच्या खात्यात निम्मं आयुष्य घालवून आलेत, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं ते खरंच सुभेदार होते की आणखी कोण, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. रुग्णालयातले सगळे फोन, सगळ्या तारा आणि पुढं आलेलं नेटवर्क त्यांच्या ताब्यात. गाव पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात. बोलणं अस्सल तिकडचं, बूट फौजेतले आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. का, तर काचेवर ऊन चमकलं की लांबून दिसतं. अहो, सांगलीत तुम्हाला लांबून कोण बघतंय? पण विचारलं की एकच उत्तर, "सवय हाय. ऱ्हाऊ द्या."

कॅन्टीनच्या बाईंनासुद्धा ते सोडायचे नाहीत. "दोन चा, एक बिनसाखरेचा. परत म्हणा." त्या बाई खमक्या. म्हणायच्या, "दोन चहा, एक बिनसाखरेचा, आणि पिणाऱ्यातला एक डोकं फिरलेला." सुभेदार गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "तिसरं मी सांगितलं न्हवतं." घरी फोन केला तरी तीच तऱ्हा. "येताना मिरच्या आणतो, पावशेर. परत म्हन." पलीकडून काकू काय म्हणायच्या ते आम्हाला ऐकू यायचं नाही, पण सुभेदार फोन कानापासून वीतभर लांब धरायचे.

दुसरं वेड नावांचं. आमचं एक छोटं केंद्र पाटणला होतं. टेलिफोन कंपनीकडून कायमची भाड्यानं घेतलेली एक लाईन सांगलीपासून पाटणपर्यंत होती. पाटणला एक्सरे काढला की तो त्या लाईनवरून सांगलीला यायचा, इथले डॉक्टर बघायचे आणि पेशंट बाकावर बसलेला असतानाच त्याला काय झालंय ते पाटणला कळायचं. लाईनच्या दोन टोकांना दोन राउटर. सांगलीचा तो सुभेदारांची थोरली, पाटणचा तो धाकटी. "धाकटी आज रुसलीया," म्हणाले की समजायचं, पाटणची लाईन हळू चाललीय. नवीन आलेल्या एका नर्सनं त्यांना विचारलं होतं, "धाकटीचं लग्न व्हायचंय का अजून?"

"तिचं वय न्हाई," सुभेदार म्हणाले. ती नर्स पुढं वर्षभर त्यांना मुलगी आहे असंच समजत होती.

आणि तिसरं, रुमालाची गाठ. हे मात्र नीट सांगायला हवं.

पाटणच्या राउटरमध्ये काही बदल करायचा तर आम्ही सांगलीत बसूनच करायचो, त्याच लाईनवरून. सुभेदारांचा नियम असा की बदल करायच्या आधी यंत्राला बजावून ठेवायचं: दहा मिनिटांत मी पुन्हा येऊन 'ठीक आहे' म्हणालो नाही, तर तू आपली आपण पहिल्यासारखी हो. याला ते परतीची वाट म्हणायचे. ती ठेवली की खिशातला चौकड्याचा मोठा रुमाल काढून त्याला गाठ मारायची आणि तो टेबलावर ठेवायचा. पलीकडच्या माणसानं फोनवर सगळं बरोबर चाललंय असं सांगून, ते परत म्हणून दाखवल्यावर यंत्राला 'ठीक आहे' म्हणायचं, मग गाठ सोडायची. तोवर त्या खोलीतून कुणी हलायचं नाही. एकदा मी शिंकले तर म्हणाले, "थांब की जरा." शिंक थांबवायची कशी, हे त्यांनी सांगितलं नाही.

माझा जीव जायचा. दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास! पलीकडं पाटणला सिंधूमावशी. केंद्राची झाडलोट करता करता त्यांना एक्सरे पाठवायचं बटण दाबता येऊ लागलं होतं. सुभेदारांना त्या फार मानायच्या आणि सांगितलेलं अक्षर न अक्षर परत म्हणायच्या. "हिरवा दिवा लागलाय, दोन येळा लुकलुकला, परत लागला." "परत म्हणा, मावशी." "हिरवा दिवा लागलाय, दोन येळा..." आणि मी आपली कपाळाला हात लावून बसलेली.

तर त्या वर्षी तपासणीला पाहुणे आले आणि शेरा मारून गेले: पाटणहून येणारे एक्सरे, पेशंटची नावं, आजार, सगळं लाईनवरून उघडं येतं. मध्ये कुणी कान लावला तर सगळं वाचता येईल. रुग्णालयाचे चेअरमनसाहेब हबकले. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी त्यांना सांगायला लागले, की आहे त्याच लाईनवर व्हीपीएन सर्व्हर बसवता येईल, नवीन लाईन नको. टनेल काय, एन्क्रिप्शन काय, त्याच्या कीज काय, सगळं सांगितलं. साहेब पंख्याकडं बघत होते.

सुभेदारांनी रुमाल काढला.

"साहेब, तुमच्या आजोबांच्या वक्ताला हळदीचा सौदा कसा व्हायचा?"

चेअरमनसाहेबांचं घराणं हळदीच्या व्यापारातलं. म्हणाले, "रुमालाखाली. बोटं दाबून."

"द्या हात." आणि खरंच सुभेदारांनी साहेबांचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि आत बोटं दाबली. "भर बाजारात, शंभर मान्सांम्होरं. हात समद्यास्नी दिसतोय. बोटं दिसत्यात का?"

"नाही."

"ह्येच करायचंय. बाजार त्योच, रस्ता त्योच. फकस्त वर रुमाल टाकायचा."

साहेब खूश झाले. माझ्याकडं वळून म्हणाले, "एवढंच होतं तर तुम्ही मघापासून इंग्रजीत कशाला घाम गाळताय?" कप्पाळ माझं! पण पुढं त्यांनी जे सांगितलं त्यानं आमचे दोघांचेही चेहरे उतरले. "दसऱ्यापर्यंत करून दाखवा. नाहीतर दसऱ्याला मी ती लाईन काढून टाकतो. उद्या पेशंटची माहिती बाहेर गेली तर मला जड जाईल. पाटणच्या लोकांनी कराडला जावं, नाहीतर इथं यावं."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काढली तर काढली. कराड काही लांब नाही पाटणहून."

सुभेदार जिन्यात थांबले. "पाटनपास्नं न्हाई लांब," म्हणाले. "माझ्या गावास्नं पाटनच लांब हाय. बापाच्या छातीचा फोटो पाटनला निघाला. पर बघनारा तितं कोन न्हवता. मी तवा रजेवर हुतो. म्हाताऱ्याला आन् त्या फोटूला घिऊन यष्टीनं सांगलीला आलो. डाक्टर फोटो बघून म्हनला, ह्यास्नी कशाला हलवलं? ह्यास्नी निजवून ठेवायचं हुतं. फोटो एकला पाठवायचा हुता." आणि ते जिना उतरू लागले. बाप परत गावी पोचला का, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

आता एवढं ऐकल्यावर तरी माणसानं शहाणं व्हावं की नाही? पण माझी अक्कल तेव्हा शेण खायला गेली होती. थोरलीवर सर्व्हर बसवून झाला होता. राहिलं होतं ते धाकटीचं. सुभेदार एक दिवस दाढ काढायला गेले, आणि मी म्हटलं, येईपर्यंत उरकून टाकू, थक्क होतील. धाकटीला हुकूम सोडला: इथून पुढं रुमालाखालून येईल तेवढंच ऐकायचं, बाकी कुणाचं काही ऐकायचं नाही. परतीची वाट ठेवली नाही. उलट शहाणपणा करून तो हुकूम तिच्यात कायमचा जपून ठेवला आणि मग एन्टर दाबलं.

धाकटीनं माझं तंतोतंत ऐकलं. मी उघड्यावरूनच बोलत होते, तेव्हा तिनं पहिल्यांदा माझंच ऐकणं बंद केलं. रुमालाखालचं बोलणं उघडायची किल्ली तिला द्यायची राहिलीच होती. बसल्या फांदीवर कुऱ्हाड, दुसरं काय! मावशींना सांगून यंत्र बंद करून चालू केलं, तरी हुकूम जपलेला, त्यामुळं ती उठली की पुन्हा तशीच मुकी.

सुभेदार आले ते गालात कापूस धरून. मी सांगितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला, एक वायर घातली आणि तसेच एसटी स्टँडला गेले. कराडला गाडी बदलून पाटण. सुजलेल्या गालानं. दुपारभर पाटणचे पेशंट बाकावर बसून राहिले आणि संध्याकाळी लाईन पहिल्यासारखी चालू झाली.

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांनी विचारलं, "कुणी केलं हे?"

"मी," सुभेदार म्हणाले. "हात चुकला."

साहेब त्यांना नाही नाही ते बोलले. मी तिथंच उभी. बाहेर आल्यावर मीच त्यांच्यावर चढले, "खोटं कशाला बोललात? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"तू नवी हायस, पोरी. तुझं नाव घेतलं असतं तर तुला परत हात लावू दिला नसता. मला शिव्या देत्याल आन् करू देत्याल. काम व्हायला पायजे का न्हाई?" मग थांबून म्हणाले, "आता म्हन. परतीची वाट ठेवल्याबिगर..."

"परतीची वाट ठेवल्याशिवाय पलीकडच्या यंत्राला हात लावणार नाही."

"परत म्हन."

मी परत म्हटलं. पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही. रडू येत होतं, ते आवरलं.

त्यानंतर एकेक गोष्ट त्यांच्या पद्धतीनं. कागदावर लिहायची, वाचायची, परत म्हणायची. असं करता करता शेवटचा बदल येऊन ठेपला तो थेट खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आता त्या दिवशी आपल्याकडं हत्यारांची पूजा. सुभेदारांनी सकाळी थोरलीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, हात जोडले. "चल गं, लाज राख," म्हणाले. चेअरमनसाहेब दुपारी दोनला येऊन बघणार होते.

अकराला सुरुवात केली. मी कीबोर्डवर, सुभेदार शेजारी, फोनवर सिंधूमावशी. परतीची वाट ठेवली. रुमालाला गाठ मारली. हुकूम सोडला. लाईन गेली आणि चार-पाच सेकंदांत परत आली. झाकलेली! मावशींनी बटण दाबलं आणि कुणाच्या तरी मनगटाचा एक्सरे रुमालाखालून आमच्या पडद्यावर आला. मी खुर्चीवरून उडालेच. फोनवर ओरडले, "झालं, मावशी, झालं! सुटलात तुम्ही, जा आता!"

"गाठ सुटली न्हाई आजून," सुभेदार म्हणाले. "तीन फोटो आल्याबिगर न्हाई सोडायची." पण मावशींनी फोन ठेवला होता.

"लावते परत," म्हणून मी नंबर लावतेय, तोवर पडद्यावर लाल. पाटण गेलं. पार गेलं.

मी म्हटलं, घाबरायचं काय त्यात, परतीची वाट आहे. दहा मिनिटं झाली की येईल पहिल्यासारखी. आम्ही बसलो. सुभेदार मनगट उलटं करून घड्याळ बघत होते. दहा झाली. अकरा. बारा. लाल ते लालच. मावशी फोन उचलेनात. केंद्रातला दुसरा फोन वाजून वाजून बंद पडत होता.

मी सुभेदारांकडं बघितलं. माझी चूक झाली तेव्हा हा माणूस हलला नव्हता. आता त्याचे ओठ पांढरे पडले होते. "माझी वाट चुकली," म्हणाले. "उभ्या जल्मात चुकली न्हवती." मी म्हटलं, "नाही हो, मीच काहीतरी केलं असणार." माझा कागद मी तीनदा वाचला, त्यांनी तीनदा वाचला. चूक सापडेना. साडेअकरा वाजून गेले. एसटीनं निघालं तरी दोनच्या आत पाटण शक्य नाही. तरी ते उठले, पिशवी भरायला लागले. वायर पिशवीत जाता जाईना. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि नीट गुंडाळून आत ठेवली. मला तो जिना आठवत होता, आणि एसटीत फोटो मांडीवर घेऊन बसलेला म्हातारा.

ते दारापर्यंत गेले आणि त्यांचा फोन वाजला. सिंधूमावशी. मी तो त्यांच्या हातातून ओढूनच घेतला आणि दोघांनाही ऐकू येईल असा केला.

"आवं सुभेदार, तुमचं लय फोन दिसत्यात की ओ. पूजा चाललीती. फोन बी पूजेतच मांडलाता. परसाद ठिवलाय तुमच्या वाटचा."

"मावशी, धाकटी..." सुभेदार दारातूनच फोनकडं वळले.

"निजवलीया की! हळदकुकू लावलं, फूल घातलं, बटान बंद केलं. बाई म्हनल्या, झालं, जा. मग म्हनलं, मुहूर्त कशाला चुकवायचा? आता उद्या उठवायची न्हवं?"

"कुनी सांगितलं निजवायला?" सुभेदार ओरडले.

"आं? तुमीच की! गेल्या दसऱ्यामागनं आलाता तवा मला रागं भरलाता, पूजा केली न्हाई म्हनून." आणि मावशींनी, सवयीनं, अक्षर न अक्षर म्हणून दाखवलं. "खंडेनवमीला हत्याराला हळदकुकू, फूल, नारळ आन् दिसभर इसावा. हत्यार निजलं पायजे. परत म्हनू का?"

मी सुभेदारांकडं बघितलं. ते दाराच्या चौकटीला टेकून खाली बसत गेले, पिशवीसकट, आणि हसायला लागले. मी त्यांना हसताना त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. डोळ्यांतून पाणी, गाठ मारलेल्या रुमालानं पुसतायत आणि हसतायत. मी पण फरशीवर बसले. वाट चुकली नव्हती. दहा मिनिटं मोजायला यंत्र जागं तर पाहिजे! हत्यार म्हणताना सुभेदारांच्या मनात कोयता, कुऱ्हाड, बंदूक असणार. मावशींच्या हाताशी होती ती धाकटी.

"आज्ञा माझी," ते धापा टाकत म्हणाले, "आन् सुट्टी तुझी. गाठ सुटायच्या आधी कोन मोकळं करतं मान्साला?"

"चुकलं," मी म्हणाले. "परत नाही म्हणणार हं, एकदाच."

मावशींनी धाकटीला उठवलं. आम्ही जपून ठेवा असं म्हटलं नव्हतं, त्यामुळं ती उठली ती पहिल्यासारखी, उघडी. सगळं पुन्हा केलं. परतीची वाट, गाठ, हुकूम. एक एक्सरे आला. दुसरा आला. तिसरा छातीचा होता, कुणा म्हाताऱ्याचा. सुभेदार पडद्यासमोर उभे राहून तो बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मला खूण केली. मी यंत्राला 'ठीक आहे' म्हटलं आणि त्यांनी गाठ सोडली. डॉक्टरांनी तो फोटो बघून पाटणला निरोप दिला, काळजीचं नाही, औषध घ्या, घरी जा. दोनला चेअरमनसाहेब आले तेव्हा सुभेदार त्यांच्यापुढं रुमालाची घडी घालत म्हणाले, "सौदा झाला, साहेब." लाईन राहिली.

दुसऱ्याच आठवड्यात पाटणला जाऊन त्यांनी धाकटीच्या अंगावर चिकटपट्टी लावली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं: हिची पूजा जागेपणी करावी. मावशींकडून ते चार वेळा म्हणवून घेतलं.

आता ते गावी असतात. दरवर्षी खंडेनवमीला अकराच्या ठोक्याला त्यांचा फोन येतो. खुशाली नाही, काही नाही, एकच प्रश्न. या वर्षी फोन आला नाही. सव्वाअकरा झाले. मी लावला, उचलला नाही. साडेअकराला लावला, पावणेबाराला लावला. काकूंचाही लागेना. वय झालेलं, गाव लांब, वर चढण. मनात येऊ नये ते सगळं येऊन गेलं. मी पर्स उचलून स्टँडवर जायला निघाले होते, खरंच सांगते, चपला घातल्या होत्या.

बाराला फोन वाजला.

"हॅलो! सुभेदार, कुठं होता तुम्ही?"

"आगं, हितंच. फोन पूजेत मांडला हुता. मावशीनं शिकवलंय न्हवं." खोकले, हसले. "धाकटी जागी हाय का?"

"जागी आहे, सुभेदार."

"परत म्हन."

मी चपला काढून खाली बसले आणि परत म्हणाले.